भुशीच्या वाटेवरचं तितलं गाव

आबांकडून विलायतेतलं गाव बघून घ्यायचं, तर आधी धुकं पडावं लागे.

हे मी गमतीनं लिहीत नाही. वैशाखात, ऊन लख्ख असताना, कोणी त्यांच्याकडे गेलं आणि म्हणालं, "आबा, विलायतेला जायचं ठरतंय, तिथलं जरा सांगा," तर ते बसल्या पायरीवरून उठतसुद्धा नसत. "आत्ता ते गाव दिसायचं न्हाई," एवढंच म्हणत. "आखाडात या."

आबा लोणावळ्यातल्या एका बंगल्याचे राखणदार होते. मालक मुंबईचे, मे महिन्यात येऊन जायचे. उरलेले अकरा महिने बंगला बंद आणि मागच्या खोलीत आबा एकटे. पहिल्या लढाईच्या आदल्या वर्षी ते रेल्वेच्या एका साहेबाबरोबर घरकामाला म्हणून विलायतेला गेले होते. साहेब नोकरी संपवून आपल्या गावी परतत होता. वर्षभरात मडमेला तिकडची माणसं मिळाली की आबांना परत पाठवायचं, असं ठरलं होतं. तेवढ्यात लढाई पेटली, बोटींचा भरवसा राहिला नाही आणि आबा त्या एका गावात सहा वर्षं अडकले. इंग्लंडच्या मधोमध कुठंतरी ते गाव आहे. तिथं आगगाडीची इंजिनं तयार होतात. आबांनी त्याचं नाव माझ्यासमोर कधी घेतलं नाही. लोणावळा म्हणजे 'हितलं गाव' आणि ते म्हणजे 'तितलं गाव'. मीही इथं तसंच लिहितो. आबा आता नाहीत, आणि त्यांच्या शब्दांत फेरफार करायला मला धीर होत नाही.

माझी त्यांची ओळख दादामुळे झाली. आम्ही आंबीचे, शेतकरी. वडील मी लहान असतानाच गेले. दादा लोणावळ्याच्या इंजिन शेडमध्ये फिटर झाला आणि त्याच्या जिवावर मी पुण्याला कॉलेजात गेलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शनिवारच्या गाडीनं मी दादाच्या खोलीवर यायचो. दुसरी लढाई चालू झाल्यावर सरकार इथल्या कारागिरांना वर्षभर शिकायला विलायतेला पाठवू लागलं आणि शेडमधल्या लोकांच्या आबांकडे खेपा सुरू झाल्या. मीही कुतूहलानं मागून जाऊ लागलो.

भुशीकडे जाणाऱ्या वाटेवर ओढ्यावरची एक मोरी आहे, लहानशा पुलासारखी. ती मोरी म्हणजे तितलं स्टेशन. आषाढात त्या वाटेवर हातभर पुढचं दिसत नाही. आबा शिकणाऱ्याला मोरीवर उभा करत आणि म्हणत, "उतरलास. सामान डाव्या हातात घे. उजवा मोकळा ठेव."

"तो कशाला, आबा?"

"टोपी काढायला. तितं बाई दिसली की टोपी काढायची."

"धुक्यात बाई कशी दिसंल?"

"दिसत न्हाई. म्हनून आवाज आला की काढायची. बाप्या निघाला तरी काय बिघडत न्हाई."

मग चालायचं. मोजून एकशे दहा पावलं. तिथं वाटेच्या कडेला गुडघ्याएवढा एक उभा दगड होता. आबांनी त्याला गेरू फासून ठेवला होता. तो म्हणजे तितला टपालाचा लाल खांब. पावसानं गेरू धुपला की आबा पुन्हा फासायचे. लाल दगड बघून येणाऱ्याजाणाऱ्या बायका त्यावर फूल ठेवून पुढं जायच्या. आबा ते उचलून बाजूच्या गवतावर ठेवत. "टपालाच्या डब्याला फूल लागत न्हाई," असं ते समोर कोणी नसतानाही सांगत.

खांबापासून डावीकडे वळलं की पाववाल्याची मागची भिंत. तिथं थांबून वास घ्यायचा. खरं तर तिथं ओल्या गवताचा वास असे, पण आबा शिकणाऱ्याला उभा करून म्हणत, "घे. ऊन पावाचा वास. हा आला म्हंजी वाट बराबर हाय." शेडमधले दणकट लोक डोळे मिटून नाक वर करत. एकदा एक फिटर असा वास घेत पुढं सरकला आणि धुक्यात उभ्या असलेल्या म्हशीवर आदळला. आम्ही हसलो. आबा हसले नाहीत. त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, "ही तितं न्हाई. हिला वगळ."

मला वाटे, हे धुक्याचं वेड कशाला? एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "मी ते गाव असंच बघितलंय. धूर आन धुकं. उनात ते कसं दिसतंय मला ठावं न्हाई. न बघितलेलं कसं दावू?"

हाच त्यांचा नियम होता. डोळ्यांनी बघितलेलं तेवढंच सांगायचं. आणि त्यांनी ते गाव बघितलं होतं मागच्या दारानं. साहेबाच्या घरचा नोकर पुढच्या दारानं ये-जा करत नसे. त्यामुळे कोणत्या घरी कोळसा कोणत्या वारी येतो, खाटकाच्या मागच्या दाराला कडी कुठं आहे, कोणत्या गल्लीतलं मांजर पायात येतं, हे आबा घडाघडा सांगत. पुढच्या बाजूचं विचारलं की गप्प. तळेगावचे एक वकील आपल्या मुलाला घेऊन आले होते. मुलगा बॅरिस्टर व्हायला लंडनला निघाला होता. आबांचं गाव वेगळं, लंडन वेगळं, पण आबा म्हणाले, "असू दे की. आदी ह्ये बघून घ्या, मग ते." मुलानं हसत विचारलं, "काय हो, तिकडची नाट्यगृहं कशी असतात?"

"ओली," आबा म्हणाले.

"ओली?"

"मागची भिंत लय ओली आसते. टेकून हुबं ऱ्हाऊ नका. कोट खराब हुतो."

वकीलसाहेब परतताना फाटकापर्यंत हसत गेले. आबांनी त्या मुलालाही जाताना कागदाची एक छोटी पुडी दिली. प्रत्येकालाच देत. पुडीत कुंकू असे. मी समजलो, देवाधर्माचं काही असेल. परदेशी जाणाऱ्यानं रोज कपाळाला लावावं, असं. तसं विचारलंही. "लागंल," एवढंच म्हणाले.

त्यांच्या शिकवण्यात चालीरीतीही असत. दारात पाय तीन वेळा पुसायचे, स्वच्छ असले तरी. पाऊस दोघांनाही दिसत असला तरी एकानं सांगायचं की पाऊस पडतोय, आणि दुसऱ्यानं 'व्हय' म्हणायचं. अशा वेळी 'दिसतंय की' म्हटलं तर तिथला माणूस दुखावतो. आपल्या पायावर कोणाचा पाय पडला तर माफी आपणच मागायची.

"आपुन का?" दादानं विचारलं होतं. "पाय तर त्याचा."

"तो बी मागतो," आबा म्हणाले. "दोगं मागत्यात. मग कुनाचाच पाय ऱ्हात न्हाई."

मी कॉलेजात शिकत होतो, त्यामुळे मला वाटे की आबांच्या माहितीत माझी भर पडायला हवी. आता लिहायला संकोच वाटतो, पण मी शेडमधल्या लोकांकडून त्या गावाचं नाव काढलं आणि कॉलेजच्या वाचनालयात बसून एका जाड पुस्तकातून त्याची माहिती काढली. चार पानं सुवाच्य अक्षरात लिहिली. गाव कोणत्या नदीवर वसलं, चर्च किती जुनं, बाजार कोणत्या वारी भरतो, कारखाना कसा वाढला. 'जाऊ इच्छिणाऱ्यांस उपयुक्त' असं वर लिहिलं. आणि ती पानं आबांना वाचून दाखवली.

पोथी ऐकावी तसे ते हात जोडून ऐकत बसले. संपल्यावर म्हणाले, "चांगलं लिवलंय. ह्यात टपालाचा डबा कुटं हाय?"

"तो... पुस्तकात नव्हता, आबा."

"आन कोळसा?"

"तोही नाही."

"मग ज्यानं लिवलंय त्यानं गाव पुढनं बघितलंय." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मग जरा थांबून म्हणाले, "ते नदीचं पुन्हा वाच बरं."

मी वाचलं. नदी गावाच्या मधून वाहते, असं त्यात होतं.

"नदी हाय व्हय तितं?" ते हळूच म्हणाले. "मला वास यायचा. मला वाटायचं गटार आसंल." सहा वर्षं राहिलेल्या गावाची नदी त्यांना त्या दिवशी कळली. त्या चार पानांमधलं तेवढं एक वाक्य त्यांच्या उपयोगी पडलं, याचं मला अजूनही बरं वाटतं.

त्याच श्रावणात दादाचं नाव निघालं. शेडमधून दोघांना पाठवायचं होतं आणि जायचं होतं नेमकं तितल्याच गावी. आमच्या घाटातली इंजिनं तिथूनच येत. फोरमननं सोमवारी सकाळी होय की नाही ते सांगायला सांगितलं होतं. दादाला जायचं होतं. झोपेतसुद्धा तो पावलं मोजत असावा, इतकं. पण आईच्या शब्दाबाहेर तो कधी गेला नव्हता. आणि ते दिवस कसे होते हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. समुद्रात बोटी बुडत होत्या, त्याच्या बातम्या आंबीपर्यंत पोचत होत्या.

मी आईला सांगायला आंबीला गेलो. ती भात खुरपत होती. तिनं ऐकून घेतलं, कंबर सरळ केली आणि म्हणाली, "लेक द्यायची तर आदी गाव बघतो आपुन. पानी किती लांब, शेजार कसा, सगळं बघतो. मग ल्योक द्यायचा तर न बघता देऊ?"

"आई, ते गाव साता समुद्रापलीकडं आहे."

"लोनावळ्याला कोन म्हातारा दावतो म्हनालास ना? चल मग."

रविवारी सकाळी तिला घेऊन मी आबांकडे गेलो. दादा आधीच येऊन फाटकाशी उभा होता. धुकं इतकं दाट होतं की बंगला दिसत नव्हता. आई पायरीवर बसली, पदर सारखा केला आणि सोयरिकीला आलेल्या माणसानं विचारावं तसं एकेक विचारू लागली.

"पानी कुटं, भाऊ?"

"घरात. नळाला."

"खायाला?"

"बटाटा."

"आन?"

"बटाटाच, बाय. कवा मासा."

आईनं दादाकडे बघितलं. "ह्याला बटाट्यानं पोटात गुबारा धरतो."

"आये, मी काय ल्हान हाय का..."

"तू गप. शेजार कसा हाय, भाऊ?"

"लय गप. भांडत न्हाईत."

"भांडत न्हाईत?" आई चांगलीच घाबरली. "मग मानूस जित्ता हाय का मेला, कसं कळायचं?"

आबांना हा प्रश्न आवडला असावा. ते पायरीवर थोडे पुढं सरकले. "सकाळी धूर बघत्यात. कुनाच्या धुराड्यातनं धूर न्हाई निगाला, तर शेजारीन दार वाजवती. माजं वाजवलं हुतं येकदा. ताप आल्ता मला. तिनं सूप आनून दिलं. नाव न्हाई इचारलं, गाव न्हाई इचारलं. भांडं न्यायला दुसऱ्या दिशी आली."

आईनं मान हलवली. "बरं," म्हणाली. "दावा आता."

आम्ही चौघं भुशीच्या वाटेला लागलो. मोरीवर आबांनी आईला उभं केलं. तिला सामान नव्हतं, म्हणून डाव्या हातात माझी छत्री दिली. आईला शंभरापर्यंत मोजता येत नसे. ती विसावर मोजायची. एक वीस झाले की बोट मिटायचं. पाच विसा आणि दहा. अनवाणी पायांनी, डोक्यावर पदर घेऊन, ती विलायतेच्या स्टेशनातून निघाली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. नुसता आवाज येत होता. "...सतरा, अठरा, एकोनीस, ईस."

आम्ही पोचलो तेव्हा ती दगडाला हात जोडून उभी होती.

"डबा हाय तो, बाय," आबा म्हणाले. "टपालाचा."

"आसू द्या. लाल हाय." तिनं इकडंतिकडं बघितलं. "आन घर?"

"घर मागनं. डाव्या अंगाला. आदी हितं यायचं. खुशालीचं कार्ड टाकायचं. मग घर."

"का? मानूस येवढ्या लांबनं दमून आलेला. आदी घर नको? तांब्याभर पानी नको?"

"न्हाई. आदी हितं."

"पर का?"

आबांनी वाकून दगडावरचं फूल उचललं, पण बाजूला न ठेवता हातातच धरलं. मग त्यांनी जे सांगितलं ते आमच्यापैकी कोणीच पूर्वी ऐकलं नव्हतं.

आबा तिकोणा किल्ल्याखालच्या पेठ गावचे. विलायतेला गेले तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती. त्यांना लिहिता येत नव्हतं आणि तितल्या गावात मराठी लिहिणारं कोणी नव्हतं. म्हणून मडम दर महिन्याला त्यांच्या घरी इंग्रजीत पत्र लिहायची: तुमचा माणूस ठीक आहे, काळजी करू नका. पाकीट पेठेला पोचायचं. ते वाचणारं तिथं कोणी नव्हतं, पण वाचायची गरजही नव्हती. पांढरं पाकीट आलं म्हणजे माणूस आहे. आबांची आई ते देव्हाऱ्यात ठेवायची.

"मग लढाईत मडमेचा ल्योक गेला," आबा म्हणाले. "येकुलता. मी बी रडलो. त्यो आला-गेला की मीच चहा दिलेला त्याला. त्यांच्यात चाल हाय, घरात मयत झालं की वरीसभर काळ्या कडंच्या कागदावर लिवायचं. पाकीट बी काळ्या कडंचं. तिनं येवढ्या दुखात बी माजं पत्र चुकवलं न्हाई. लिवलं, मानूस ठीक हाय. आन मी ते टाकलं. माज्या हातानं, त्या डब्यात."

आईला कळलं होतं. माझ्या आधी तिलाच कळलं.

"पेठंला टपालवाल्यानं ते दाराबाहेरनंच दावलं," आबा पुढं म्हणाले. "काळी कड. अशुभाचं पत्र घरात नेत न्हाईत, ठावंच हाय तुमाला. आईनं दारातच फाडलं. आंगूळ केली सगळ्यांनी. पुढल्या म्हैन्यात दुसरं गेलं, ते बी फाडलं. येकदा कळलेलं पुन्ना कशाला कळून घ्यायचं? दर्भाचा पुतळा केला आन जाळला. म्या हिकडं कोळसा भरतोय, आन तिकडं माजा दहावा झाला."

"आन मालकीन?" आईनं विचारलं.

"तिच्या भावानं वरसानं पाट लावून दिला. त्यानं बराबरच केलं. मी आलो तवा तिच्या कडंवर पोर हुतं. लांबनं बघितलं आन मागं फिरलो. आई मी यायच्या आदीच गेलेली. भावकी म्हनाली, क्रिया झालेल्या मानसाला तसं घरात घेता येत न्हाई. पाळन्यात घालायचं, पुन्ना बारसं करायचं, मग घरात. मी म्हनलं, मिशा आलेल्याला पाळन्यात काय घालता? तसाच हितं आलो." त्यांनी फूल दगडावर परत ठेवलं. "माजं नाव तितं पेठंला जाळलेलं हाय. म्हनून कुनी नाव इचारलं तर मी सांगत न्हाई. काळी कड मडमेच्या ल्योकाची हाय, ह्ये मला ठावं हुतं. पर पेठंला पत्र न्हाई वाचत, कड वाचत्यात, ह्ये मला कुटं ठावं?"

धुक्यात कुठंतरी पाणी वाहत होतं. दादा आबांच्या जवळ जाऊन दबक्या आवाजात म्हणाला, "आबा, ह्ये आजच सांगायचं हुतं का?"

"तिनं इचारलं," आबा म्हणाले.

दादाचं जाणं संपलं, असं मलाही वाटलं. सोमवारी फोरमनला काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवू लागलो होतो.

आई दगडाकडे बघत होती. मग म्हणाली, "मी आसते तर मी बी फाडलं आसतं."

"व्हय," आबा म्हणाले.

"तुमी समद्यांना कुकवाची पुडी देता म्हनं."

"व्हय. पत्राच्या कोपऱ्याला बोट लावायला. कुकू आसलं म्हंजी खुशाली. कागद कंचा बी आसू दे, अक्षर कुनाचं बी आसू दे."

"ह्याची बघू."

दादानं खिशातून पुडी काढून दिली. आईनं ती उघडली, पावसाचे थेंब पडू नयेत म्हणून पदराआड धरली, चिमटीत कुंकू घेऊन बघितलं. मग पुडी मिटली आणि जराशा रागानंच म्हणाली, "येवढ्याशात वरीस निगंल व्हय, भाऊ? मी देते डबी भरून."

दादानं माझ्याकडे बघितलं. त्याला हे उत्तर आहे की नाही तेच कळेना. आई मोरीकडे परत निघालीसुद्धा होती. धुक्यातून तिचा आवाज आला, "आन काळ्या कडंचा कागद कुनी फुकट दिला तरी घेऊ नगंस. सांगून ठेवते."

दादा भाद्रपदात निघाला.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते मी लिहीत नाही. बोटीवर चढल्याचं मुंबईहून एक कार्ड आलं, मग काहीच नाही. मी शनिवारी आंबीला जायचो तेव्हा आई काही विचारत नसे. फक्त टपालवाला गावात शिरला की ती हातातलं काम ठेवून दारात उभी राहायची. आबांकडे गेलो की तेही विचारत नसत. बटाटा सोलत बसलेले असत. तितल्या गावाहून आल्यापासून ते भाकरीबरोबर रोज बटाटाच खायचे.

माघात पाकीट आलं. मी तेव्हा घरीच होतो. लढाईच्या दिवसांत पत्रं वाटेत उघडून तपासत, तशी त्याच्या कडेला पट्टी चिकटवलेली होती. पाकीट मळलं होतं, शिक्क्यांनी भरलं होतं. आणि कोपऱ्यात कुंकवाचं बोट होतं. ओल लागून ते गुलाबी होऊन पसरलं होतं, पण बोट दादाचंच होतं; लहानपणी कडबा कापताना त्याच्या अंगठ्याचं टोक गेलेलं आहे.

मी उघडायला गेलो तर आईनं ते माझ्या हातून घेतलं, कपाळाला लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं.

"आई, आत काय लिहिलंय ते तरी बघू."

"हाय ना तो? मग घाई कसली? दिवा लावल्यावर वाच."

दिवा लागल्यावर मी वाचलं. आत आबांसाठी वेगळा कागद होता. पुढच्या रविवारी तो घेऊन मी लोणावळ्याला गेलो. ऊन लख्ख होतं, धुक्याचं नाव नव्हतं. आबा मागच्या पायरीवर बसले होते. मी वाचू लागलो.

'आबांस सा. न. गावाचं नाव लिहायला बंदी आहे, पण तुम्हाला माहीत आहे. आम्ही उतरलो तेव्हा चार वाजले होते आणि अंधार झाला होता. लढाईमुळे रस्त्यावर एकही दिवा लावत नाहीत. बरोबरचे लोक एकमेकांच्या कोटाला धरून उभे होते. मी सामान डाव्या हातात घेतलं आणि मोजत निघालो. खांब आहे, आबा. तिथंच आहे. फक्त एकशे दहाला तो आला नाही. मी घाबरलो, पण सरळ चालत राहिलो. एकशे अठ्ठावन्नला हाताला लागला. खुशालीचं कार्ड त्यातच टाकलं. पाववाल्याचा वास येतो. नाटकघराची भिंत ओली आहे.'

कार्ड आम्हाला कधी मिळालं नाही. पण आबांनी त्याचं काही विचारलं नाही.

"किती म्हनाला?"

"एकशे अठ्ठावन्न."

"पुन्ना वाच."

मी पुन्हा वाचलं. आबा आपल्या पायांकडे बघत राहिले.

"तुजा दादा बुटका हाय का माज्यापक्षा?"

"नाही आबा. तुमच्याहून वीतभर उंच आहे."

त्यांनी बसल्या जागी एक पाय पुढं टाकून बघितला. मग म्हणाले, "म्हंजी माज्या ढांगा लांब पडायच्या. मी पळत जायाचो." आणि थोड्या वेळानं, "सा वर्सं. मला वाटायचं, चालतोय."

ते उठले. खुंटीवरची टोपी घेतली. "चल, डबा चुकीच्या जाग्यावर हाय."

"आबा, धुकं नाही."

"नसू दे."

भुशीच्या वाटेवर आम्ही दोघांनी मिळून तो दगड उपटला आणि लोटत लोटत अठ्ठेचाळीस पावलं पुढं नेला. वरचं फूल मातीत पडलं होतं. आबांनी ते उचललं, फुंकर मारली आणि दगडावर ठेवलं. मग मला तिथंच उभं करून ते एकटे मोरीपर्यंत मागं गेले.

इतक्या लांबून, उन्हात, मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी नसलेलं सामान डाव्या हातात घेतलं आणि निघाले. मी मोठ्यानं मोजत होतो. वाटेत डोक्यावर भारा घेतलेली एक बाई आडवी गेली तेव्हा त्यांनी टोपी काढली. ती बावरून हसली. ते न थांबता, पाय सावकाश टाकत येत राहिले आणि दगडापाशी येऊन त्यांनी त्यावर हात ठेवला.

"एकशे अठ्ठावन्न," मी म्हणालो.

आबांनी छातीवर दुसरा हात ठेवला आणि जरा थांबून, नवल वाटल्यासारखे म्हणाले, "दम न्हाई रं लागला."